आधी जनावरांना पाणी

मी, मालूबाई शालिग्राम महाजन, वय अदमासे पंचाहत्तर, माहेर डोईफोडिया, राहणार राजपुरा, बुऱ्हाणपूर, माझ्यामागे माझ्या घरादाराचं आणि वस्तूंचं काय करायचं ते माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. वय अदमासे लिहिलं, कारण मला शाळेत घातलं नव्हतं आणि घरात जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नव्हती. आधार कार्डावर एक जानेवारी आहे. ती कार्ड काढणाऱ्याने घातली.

धर्मेंद्र वकिलांनी मला हिंदीत मसुदा करून दिला होता. त्यात माझं मन पूर्ण स्थिर आहे असं होतं. मी त्यांना म्हटलं, ते खोटं होईल. माझं मन शुद्धीवर आहे, कोणी धमकावलेलं नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही, औषधं फक्त रक्तदाबाची आहेत. पण स्थिर नाही. दोन वर्षांपासून मी गोंधळलेली आहे. वकील म्हणाले, "काकू, गोंधळलेल्या माणसाचं मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही." मी म्हटलं, वस्तू कोणाला द्यायच्या ह्यात माझा गोंधळ नाही, माझा गोंधळ माझ्या नवऱ्याबद्दल आहे. त्यावर ते हसले आणि म्हणाले, मग लिहा. हिंदी तर्जुमा सोबत जोडला आहे. दोन्हीत फरक पडला तर हा मराठी कागद खरा धरावा.

हे आत्ताच लिहायचं कारण वेशीजवळची जागा. तिथे माझ्या नवऱ्याचा बंदूकधारी पुतळा बसवायचा आणि खाली 'अमर शहीद' असं कोरायचं, असं मोहल्ल्याच्या स्मारक समितीने ठरवलं आहे. जागा माझ्या नावावर आहे. मी जिवंत असेपर्यंत मी नाही म्हणू शकते. मेल्यावर माझं तोंड बंद होईल, म्हणून हा कागद.

१. माझे पती लेफ्टनंट कर्नल शालिग्राम सुकलाल महाजन. तापीकाठच्या केळी-कापूसवाल्या घरातले, सैन्यात अधिकारी झालेले. सगळी नोकरी त्यांनी रसद खात्यात केली, त्यातली बरीचशी खेचरांच्या तुकडीत. जिथे गाडी जात नाही तिथे पीठ, रॉकेल, दारूगोळा खेचरांच्या पाठीवर जातो. ते नेणं हे त्यांचं काम होतं. बुऱ्हाणपुरात हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, म्हणजे लढाईत नव्हते का? मी पूर्वी समजावून सांगायचे. नंतर सोडून दिलं. ते स्वतः तर कधीच सांगत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी सकाळी केळीच्या मळ्यात ठिबकची नळी बघताना ते खाली बसले आणि गेले. हार्ट. मळ्यात काम करणाऱ्या बायांनी सांगितलं की वाकलेले होते, उठलेच नाहीत.

२. राजपुऱ्यातलं राहतं घर माझ्या मुलीला, ज्योत्स्नाला द्यावं. मुलगा प्रशांत इंदूरला फ्लॅटमध्ये राहतो आणि त्याने मला तीनदा सांगितलं आहे की जुन्या घरात पैसा घालणं म्हणजे वेडेपणा. म्हणून त्याला वेडेपणात पाडत नाही. तापीकाठचा मळा प्रशांतला. एक अट आहे. मळ्यात दुपारची सुटी झाली की मालकाने मजुरांच्या आधी डबा उघडायचा नाही. ही अट कोर्टात टिकत नाही असं वकील म्हणाले. न टिकली तरी चालेल. प्रशांतने ती वाचावी एवढंच.

बँकेत जे असेल ते दोघांत सारखं.

३. हे डब्याचं काय, ते इथेच सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा माझ्या आईने एकच शिकवून पाठवलं होतं की नवरा जेवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. ते सुटीवर आले, मी ताट वाढलं, तर म्हणाले, तू आधी जेव. मला वाटलं, माझी परीक्षा घेत आहेत. मी नाही म्हटलं. तेही जेवले नाहीत. आम्ही दोघं ताटाच्या दोन बाजूंना बसून राहिलो आणि भाकरी वातड झाली. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "आसं काय बसेल आहात दोघं? कोणी मेलंबिलं का?"

मग मी हरले. जन्मभर आमच्या घरात मी आधी, मुलं माझ्याबरोबर, घरात कामाला कोणी असेल तर तेही आधी, आणि साहेब सगळ्यांच्या शेवटी. कधी कढईत उरलेलं, कधी काहीच नाही. मला फार लाज वाटायची. वाटायचं, माझ्या हातचं त्यांना आवडत नाही, म्हणून भूक मरेपर्यंत थांबतात. वाटायचं, अडाणी बायको आहे म्हणून दया करतात. एकदा, ज्योत्स्ना लहान असताना, मी सरळ विचारलं की असं का करता. ते म्हणाले, "तू जेव. मग सांगतो." मी जेवले. मग ते जेवले. ताट धुवून ठेवलं आणि रेडिओ लावला.

माझं पितळी ताट मोठ्या जाऊबाई गायत्री यांना द्यावं. नवऱ्याच्या आधी जेवते म्हणून त्यांनी माझी गोष्ट पार इतवारा मोहल्ल्यापर्यंत पोचवली होती. त्या ताटाकडे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं आहे की ते त्यांच्याकडेच बरं.

४. काळ्या लोखंडी ट्रंका. प्रत्येक बदलीला त्यांच्यावर नवं गाव पांढऱ्या रंगाने लिहायचे आणि जुनं काळ्याने पुसायचे. उन्हात धरलं की खालची गावं दिसतात. ज्योत्स्नाची मुलगी अमृता म्हणते, "नानी, इसका सेंटर टेबल मस्त बनेगा." बनव बाई. फक्त घासून नवा रंग देऊ नको.

५. पुस्तकांचं कपाट इतवाऱ्यातल्या वाचनालयाला. मी ज्योत्स्नाच्या पहिलीच्या पुस्तकावर वाचायला शिकले. ती दुसरीत गेली, मी बराच काळ पहिलीतच राहिले. पण नंतर सुटले ते सुटलेच. साहेबांच्या पलटणीतल्या बायकांच्या सभेत एकदा मला मुद्दाम चार ओळी वाचायला दिल्या होत्या, हसायला मिळेल म्हणून. मी वाचल्या. कोणी हसलं नाही, आणि चहा लवकर आला. वाचनालयात बायका बसतात त्या कोपऱ्यात कपाट ठेवावं, कारकुनाच्या मागे नको.

६. साहेबांचं एक पदक आहे, मखमलीच्या डबीत. ते त्यांनी कधीही लावलं नाही, सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावलं तेव्हाही नाही. ते कोणाला द्यायचं हे लिहायच्या आधी मला तेराव्याचं सांगावं लागेल.

साहेबांच्या तेराव्याला मांडव भरला होता. पहिल्या पंगतीला समितीचे अध्यक्ष भिकनभाऊ, महापालिकेचे लोक, नातलग. रावेरकडून एक गृहस्थ आले होते, कौतिकभाऊ सोनवणे. तरुणपणी साहेबांच्या तुकडीत खेचर घेऊन चालायचे, आता त्यांचे केळीचे ट्रक दिल्लीपर्यंत जातात. पांढरा झगझगीत सदरा, हातात दोन मोबाईल. भिकनभाऊंनी त्यांना मानाने पाटावर बसवायला नेलं, तर ते बसेनात. मांडवातून बाहेर गेले, गोठ्यात डोकावले आणि मला येऊन विचारलं, "बाईसाहेब, जनावरांना पाणी पाजलं का?"

मी म्हटलं, संध्याकाळी पाजतात. ते म्हणाले, "मग पंगत कशी मांडली? साहेबांची पंगत आहे ना ही?"

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या आणि बादली घेतली. आमच्या दोन म्हशी आणि शेजाऱ्यांचा बैल, सगळ्यांना पाणी झालं, तोवर पहिली पंगत कढी निवताना बघत बसली होती. मग त्यांनी वाढप्यांना आणि भांडी घासणाऱ्या बायांना जेवायला बसवलं. भिकनभाऊंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. कौतिकभाऊ मला म्हणाले की खेचरांच्या तुकडीत हाच कायदा असतो. मुक्कामाला पोचलं की आधी ओझं उतरतं, मग जनावराला पाणी, मग दाणा, मग माणसांचं जेवण, आणि सगळ्यांच्या शेवटी साहेब.

मी तिथेच ओट्यावर बसले. इतक्या वर्षांचं एकदम अंगावर आलं. माझ्या हातच्या चवीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

पण मी विचारलं, नोकरी सुटल्यावरही? घरातही? इथे कुठे ओझी होती? तेव्हा कौतिकभाऊंनी ही गोष्ट सांगितली. साहेब कॅप्टन असतानाची, आमच्या लग्नाच्या आधीची. बर्फात अडकलेल्या एका चौकीवर रसद घेऊन तुकडी दुपारी पोचली. सगळे गारठलेले. चौकीवरच्या साहेबाने आमच्या साहेबांना आत बोलावलं, गरम भात होता. ते आत गेले आणि जेवले. ओझी उतरवायचा हुकूम त्यांनी द्यायचा होता, तो द्यायचा राहिला. बाहेर वाऱ्यात जनावरं ओझ्यासकट उभी. ते बाहेर आले तोवर एक खेचर खाली बसलं होतं. बसलेलं उठलं नाही. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते खेचर हाकणारा जवान, त्याला सोडून आत येईना. तो आजारी पडला आणि त्यातच गेला. आणि ह्याच फेरीसाठी, चौकी उपाशी मरण्यापासून वाचवली म्हणून, साहेबांना ते पदक मिळालं.

मी विचारलं, तुम्ही पाहिलंत? ते म्हणाले, "नाही बाईसाहेब, मी मागच्या टोळीत होतो. मला नंतर जवानांच्या लाइनीत, बराकीत कळलं."

नंतर मी त्या चौकीवरच्या साहेबांना फोन केला. ते आता डेहराडूनला असतात, ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाले. पदकाच्या कागदावर त्यांचं नाव होतं, प्रशांतने नंबर मिळवून दिला. मी माझ्या हिंदीत विचारलं. ते म्हणाले, "नहीं भाभीजी. मैंने प्लेट लगवाई थी, पर शालिग्राम ने खाया ही नहीं. खड़े-खड़े वापस बाहर चला गया." आणि ड्रायव्हर? तो परतीच्या वाटेवर घसरला, असं ते म्हणाले. जनावराशी त्याचा संबंध नव्हता.

आता मला सांगा. एक म्हणतो जेवले, एक म्हणतो जेवले नाहीत. दोघंही रडले, एक माझ्या ओट्यावर, एक फोनवर. खोटं कोणी बोलत आहे असं मला वाटत नाही. जेवले असतील तर जन्मभर ती शिक्षा भोगत होते, आणि मी पोटभर जेवून उठायचे. जेवले नसतील तर मग घरात शेवटी का जेवायचे? नुसती सवय म्हणून? एवढ्याशा सवयीसाठी माणूस बायकोला जन्मभर कोड्यात ठेवतो का? मी दोन वर्षं एकदा इकडे आणि एकदा तिकडे होते. सांगणारे होते ते मळ्यात वाकले आणि उठले नाहीत.

तेव्हा पदक प्रशांतला. ते कशाचं आहे हे मला ठाऊक नाही, असं त्याने विचारणाऱ्याला सांगावं. आपल्या सासरी त्याने काय काय सांगून ठेवलं आहे ते मला माहीत आहे. तिथेही हेच सांगावं.

७. साहेबांचा खरारा, ज्याने ते मळ्यातल्या बैलांनाही घासायचे, तो कौतिकभाऊंना. त्यांना ह्या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं तो साक्षीदार चालत नाही. मी कौतिकभाऊंना विचारलं, सही की खरारा? ते म्हणाले खरारा.

८. वेशीजवळची मोकळी जागा. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा साहेबांनी ती माझ्या नावावर घेतली. त्यावर काय करायचं हे त्यांनी सांगितलं नाही. प्रशांतला तिथे दुकानांचे गाळे हवे होते. आता त्याला पुतळाही चालतो.

समितीने साहेबांच्या पहिल्या पुण्यतिथीला तिथे फ्लेक्स लावला. चेहरा आमच्या साहेबांचा, पासपोर्टच्या फोटोतला, आणि खाली अंग कुठल्याशा जवानाचं, हातात बंदूक, मागे बर्फाचे डोंगर. मी बराच वेळ बघत उभी राहिले. साहेबांच्या डाव्या करंगळीचं पेर एका खेचराने चावून तोडलं होतं. फ्लेक्सवरचे हात पुरे होते.

भिकनभाऊ जिलेबीचं दुकान बंद करून माझ्याशी बोलायला आले, ही मोठी गोष्ट आहे. ते साहेबांचे शाळेतले सोबती. मला म्हणाले, "वहिनी, फौजी माणूस गेला म्हणजे शहीदच म्हणायचं."

मी म्हटलं, "भिकनभाऊ, ते केळीत गेले."

"केळीत का होईना. देशाचीच जमीन आहे ना?"

"त्यांनी कधी बंदूक चालवली का, हेसुद्धा मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही म्हणजे चालवली असेल. तुम्हाला त्यांनी सांगितलं काय आहे कधी?"

हे मला लागलं, कारण खरं होतं. मी चहा टाकायला उठले. ते मागून जरा मऊ आवाजात म्हणाले की पोरं बघतील, शिकतील, गावाचं नाव होईल, ह्यात वाईट काय आहे. वाईट काहीच नाही. भिकनभाऊ मनाने चांगले आहेत. साहेब गेले तेव्हा त्यांनी तीन दिवस भट्टी पेटवली नव्हती. पण ज्यांचे नवरे, मुलगे खरोखर सरहद्दीवरून पेटीत आले, त्या बायकांचा तो शब्द आहे. तो त्यांच्याकडून काढून घेऊन मी माझ्या दारात लावणार नाही. आणि बंदूक घेतलेला तो माणूस माझ्या ओळखीचा नाही. मला न कळलेला एक शालिग्राम महाजन पुरे आहे. न कळणारा दुसरा मला वेशीत उभा करायचा नाही.

म्हणून असं ठरवते. त्या जागेवर पुतळा नको, गाळे नकोत. तिथे जनावरांना पाणी प्यायला हौद बांधावा. गुरांना पोचेल असा, आणि एका बाजूला बुटका, शेळ्याकुत्र्यांसाठी. वेशीतून अजून बैलगाड्या येतात, शेळ्या येतात, मोकाट गाई तर आहेतच. हौदावर फक्त नाव लिहावं, हुद्द्यासकट, आणि खाली 'सैन्याच्या खेचर तुकडीत नोकरी केली' एवढं. ते जेवले की नाही, हे लिहू नये. खर्च माझ्या बांगड्या मोडून करावा. जागेची देखभाल ज्योत्स्नाने बघावी.

पाणी रोज कोण भरणार, ह्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. महापालिकेचा नळ दिवसाआड येतो. प्रशांत म्हणाला, "आई, हौद सुकला तर जास्त बेइज्जती होईल." बरोबर आहे त्याचं. तरी हौदच.

९. माझं तेरावं साधं करावं. आधी गोठ्यात पाणी द्यावं. मग वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बाया. मग आलेली मुलंबाळं, मग नातलग, मग समिती आणि पुढारी, जे कोणी येतील ते.

सगळ्यांच्या शेवटी एक ताट वाढावं आणि त्यावर कोणी बसू नये. ते साहेबांचं. साहेब गेल्यापासून घरात शेवटी जेवणारी मीच. रोज ताट घेते आणि समजत नाही, की ही माझी पाळी आहे की त्यांची मी चालवते आहे. त्या दिवशी माझं जेवण कायमचं झालेलं असेल. तू जेव, मग सांगतो, असं ते म्हणाले होते. मी जेवले. आता त्यांनी सांगावं.

१०. ह्या कागदाची अंमलबजावणी ज्योत्स्ना आणि धर्मेंद्र वकील यांनी मिळून करावी. ह्याआधी मी कुठे काही लिहिलेलं नाही. वर लिहिलं ते मी स्वतः दोनदा वाचलं आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं.

सही : मालूबाई शालिग्राम महाजन

साक्षीदार :

१. डॉ. कविता प्रभाकर चौधरी, राजपुरा. (बाईंना तपासले. शुद्धीवर आहेत.)

२. भिकन रघुनाथ वाणी, जिलेबीवाले, इतवारा. ह्यांना मृत्युपत्रात काही दिलेलं नाही, म्हणून वकिलांच्या मते चालतात. त्यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने पुढील दोन ओळी लिहिल्या. वकिलांनी हरकत घेतली, मी राहू द्या म्हटलं :

"शहीद शब्दाबद्दल माझं म्हणणं कायम आहे.
दुकान वेशीपासून लांब नाही. हौद सकाळी दुकान उघडायच्या आधी भरला जाईल."

ठिकाण : बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेश
दिनांक : १९ फेब्रुवारी २०२५